गल्ल्याची तीन कुलपं

गल्ल्यात ६४० रुपये कमी भरत होते. तालुक्याच्या गावातलं हार्डवेअरचं दुकान. रात्रीचे साडेनऊ वाजलेले, शटर अर्धं ओढलेलं. अण्णांनी नोटा तिसऱ्यांदा मोजल्या, सुट्ट्यांचा डबा काउंटरवर पालथा केला, खिसे चाचपले. सहा वर्षं त्यांच्याकडे काम करणारा पोरगा झाडू हातात घेऊन उभा होता. झाडायचं त्याला सुचत नव्हतं. शेवटी अण्णा म्हणाले, "जाऊ दे रे, कुठंतरी लिहायचं राहिलं असेल," आणि त्यांनी गल्ला बंद केला.

त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. तरी त्या पोराचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. त्याच्यावर कुणी आळ घेतला नव्हता, त्यामुळे आळ झटकायची सोयही त्याला नव्हती. त्या रात्री तो घरी गेला तो ६४० रुपयांचं ओझं डोक्यावर घेऊनच.

लहान व्यापाऱ्यांच्या वह्या मी बरीच वर्षं बघतो आहे. 'तुमच्याकडे अंतर्गत नियंत्रणाची काय व्यवस्था आहे?' असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच असतं : 'आमची सगळी घरचीच माणसं, विश्वासावर चालतं.' हे उत्तर मनापासूनचं असतं आणि त्यात खोटं काही नसतं. पण विश्वासाला आधार लागतो. तो आधार नसला की ६४० रुपयांचा हिशेब लागत नाही आणि सहा वर्षांच्या विश्वासाला तडा जातो. हिशेबाची रीत असते ती प्रामाणिक माणसाला वाचवण्यासाठी. हा लेख त्या रीतीबद्दल आहे.

जड नाव, साधी गोष्ट

अंतर्गत नियंत्रण म्हणजे धंद्यातला पैसा, माल आणि माहिती योग्य हातांतून, योग्य कारणासाठी जाते आहे ना, आणि गेल्यावर मागे खूण राहते आहे ना, हे पाहणारी रोजची रीत. मोठ्या कंपन्यांसाठी तिचा मोठा शास्त्रार्थ झालेला आहे. अमेरिकेत १९८५ साली लेखा क्षेत्रातल्या पाच संघटना एकत्र आल्या आणि १९९२ साली त्यांच्या समितीने एक आराखडा मांडला. 'कोसो' या नावाने तो जगभर वापरला जातो. त्याचे पाच भाग दुकानाच्या भाषेत सांगायचे तर असे : मालक स्वतः कसा वागतो, धोका कुठे आहे याचा त्याने विचार केला आहे का, त्या धोक्यावर रोजची काही रीत बसवली आहे का, कामाची माहिती योग्य माणसापर्यंत वेळेवर पोचते का, आणि हे सगळं चालू आहे की नुसतं कागदावर आहे, ते कुणी अधूनमधून बघतं का.

ही मोठ्यांची चैन आहे, असं लहान व्यापाऱ्याला वाटतं. खरं तर गरज त्यालाच जास्त आहे. महिन्याला सहा लाखांची विक्री आणि दहा टक्के सुटणारं एखादं दुकान घ्या. सुटले ६० हजार. भाडं, पगार, वीज, हमाली यांत ४० हजार गेले. हातात राहिले २० हजार. आता या दुकानातून रोज फक्त ३०० रुपये गळतात असं धरा. ही गळती चोरीचीच असेल असं नाही. विसरलेलं बिल असेल, चुकून जास्त दिलेला माल असेल, न मोजता उतरवून घेतलेल्या पेट्या असतील. महिन्याचे झाले ९ हजार, म्हणजे नफ्याचा जवळजवळ निम्मा भाग. ते भरून काढायचे तर रोज तीन हजारांची जादा विक्री करावी लागेल. त्या जादा विक्रीसाठी व्यापारी जिवाचं रान करतो, पण गळणाऱ्या ३०० रुपयांकडे बघायला त्याला सवड नसते.

आपल्यासारख्या देशांत ही गळती जास्त का होते, याची कारणं उघड आहेत. व्यवहार बराचसा रोखीचा. कामाला नात्यातली, गावातली माणसं; त्यांच्याकडे पावती मागणं म्हणजे अपमान, अशी समजूत. उधारी तोंडी. मालक एकटाच खरेदी, विक्री, वसुली, बँक आणि वहीही सांभाळणारा. आणि नुकसान झालंच तर ते सोसायला ना विमा, ना गंगाजळी. १ एप्रिल २०२५पासून लागू झालेल्या व्याख्येप्रमाणे वर्षाला १० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग आपल्याकडे 'सूक्ष्म' गणला जातो, त्याची यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींच्या आत असली तर. इतक्या उलाढालीचा धंदाही कित्येकदा एका गल्ल्यावर आणि एका माणसाच्या स्मरणशक्तीवर चाललेला असतो.

गडावरचे तिघे

एकाच हातात सगळं द्यायचं नाही, हे तत्त्व आपल्या मातीला नवं नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या गडांची व्यवस्था सांगितली आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी, तिघेही एका दर्जाचे, आणि कारभार तिघांनी मिळून करायचा. धान्याच्या अंबारांसाठी आणि सामानासाठी कारखानीस वेगळा. एकट्या हवालदाराचं मन फिरलं तरी गड शत्रूच्या हाती जाऊ नये, हा त्यामागचा विचार. महाराजांचा आपल्या माणसांवर विश्वास नव्हता असं कोण म्हणेल? पण सगळा गड एकाच माणसाच्या इमानावर तोलून धरणं हा त्या माणसावरही अन्याय आहे, हे त्यांनी जाणलं होतं.

पेशवाईत हीच रीत मुलकी कारभारात दिसते. मामलेदाराच्या जोडीला दरखदार नावाचे अधिकारी असत : दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार आणि इतर. त्यांना काढून टाकायचा अधिकार मामलेदाराला नव्हता. पत्रांवर आणि हुकमांवर दिवाणाची सही लागे, हिशेब मुजुमदाराच्या नजरेखालून फडणिसाकडे जात, रोकडीचा हिशेब पोतनिसाकडे असे. नाण्यांची पारख करणारे पोतदार नेहमी दोन असत. एकाच्या पारखण्यावर दुसऱ्याची नजर. आज ज्याला 'कामांची विभागणी' म्हणून वाणिज्य शाखेत शिकवतात, ते याहून वेगळं काही नाही.

त्या विभागणीचं सार चार शब्दांत मावतं : मंजुरी, ताबा, नोंद आणि पडताळणी. खर्चाला हो म्हणणारा एक, पैसा किंवा माल हातात असणारा दुसरा, वहीत लिहिणारा तिसरा आणि सगळं जुळवून बघणारा चौथा. ही चारही कामं एकाच माणसाकडे गेली की त्याची चूक कुणाला दिसत नाही, त्याला स्वतःलाही नाही.

दोन माणसांत चार कामं

'आमच्याकडे माणसंच दोन, चार कुठून आणू?' हा प्रश्न रास्त आहे. त्यावर उपाय असा, की कामं चार माणसांत वाटता आली नाहीत तरी ताबा आणि नोंद एवढी दोन तरी वेगळी ठेवायची, आणि पडताळणी मालकाने कुणाला न सोपवता स्वतः करायची. गल्ल्यावर बसणाऱ्याने उधारीची खतावणी लिहू नये. माल उतरवून घेणाऱ्याने पुरवठादाराला पैसे देऊ नयेत. वसुलीला जाणाऱ्याने बँकेचा ताळमेळ घालू नये. नियम एवढेच, आणि यातल्या एकालाही जादा पगार लागत नाही. पुष्कळ घरांत मालकाची बायको किंवा आई संध्याकाळी वही लिहिते. तिला घरची मदत समजतात. खरं म्हणजे त्या धंद्याची वही सांभाळणारी सबनीस तीच असते, आणि तिला तो मान आणि विचारण्याचा अधिकार मिळाला तर अर्धं नियंत्रण तिथेच उभं राहतं.

मग येतो रोजमेळ. हा शब्द आपल्या व्यापाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे आणि त्याचं सगळं बळ त्याच्या पहिल्या अक्षरांत आहे : रोज. अण्णांच्या दुकानात आम्ही पुढे जी चिठ्ठी बसवली, तिचा एका दिवसाचा नमुना देतो. सकाळची शिल्लक २,००० रुपये. रोख विक्री ११,४५०. उधारीची वसुली ३,२००. एकूण जमा १६,६५०. नावे बाजूला हमाली ३५०, चहा-पाणी १२०, मालकांची उचल ६००, बँकेत भरणा १०,०००. एकूण ११,०७०. म्हणजे गल्ल्यात ५,५८० असायला हवेत. खाली नोटांची फोड : पाचशेच्या आठ, दोनशेच्या चार, शंभराच्या सहा, पन्नासच्या दोन आणि सुटे ८०. बेरीज ५,५८०. मेळ बसला. मोबाइलवरून आलेले ८,७६० रुपये वेगळ्या ओळीत लिहायचे आणि ते खात्यात खरोखर जमा झालेत हे बँकेच्या ॲपवर बघून खूण करायची.

या चिठ्ठीत एक बारीक गोष्ट दडलेली आहे. गल्ला मोजणाऱ्याला 'किती असायला हवेत' हा आकडा आधी सांगायचा नाही. त्याने मोजावं, फोड लिहावी, सही करावी. मग दुसऱ्याने वहीवरून शिल्लक काढावी आणि दोन्ही आकडे समोरासमोर ठेवावेत. आकडा आधी ठाऊक असला की माणूस नकळत त्या आकड्यापर्यंतच मोजतो. आणि कमी भरलं तसं जास्त भरलं तरी ते लिहायचं. पुष्कळ दुकानांत जास्तीचे पैसे हळूच बाजूला ठेवतात, उद्या कमी भरले तर उपयोगी पडतील म्हणून. तिथून रोजमेळ खोटा व्हायला लागतो.

मोजण्याआधी नोंद होणं मात्र सगळ्यात महत्त्वाचं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाचा माणूस दारूचा गुत्ता चालवत होता. धंदा भरपूर, पण गल्ल्यात पैसे टिकेनात. नोकर परस्पर खिशात घालत. बोटीच्या प्रवासात पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र त्याने पाहिलं आणि विक्रीही अशीच यंत्राने मोजावी असं त्याच्या मनात आलं, असं सांगतात. १८७९ साली त्याने आणि त्याच्या भावाने रोकड नोंदवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे १८८४ साली जॉन पॅटरसन यांनी तो धंदा विकत घेऊन नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी उभी केली. विक्रीची रक्कम गिऱ्हाइकाला दिसावी आणि खण उघडला की घंटा वाजावी, अशी ही यंत्रं पुढे दुकानोदुकानी पोचली. त्यातली कल्पना मोठी होती : मालक दुकानात नसला तरी गिऱ्हाईक साक्षीला असतं. आपल्या टपरीवर 'पन्नास रुपये प्राप्त झाले' असं बोलणारा डबा तेच काम करतो. गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आल्याचा पुरावा नव्हे, हे त्या आवाजाने शिकवलं. त्याच्याच जोडीला आठवड्यातून एकदा आपला क्यूआर कोड स्वतः स्कॅन करून नाव कुणाचं येतं ते बघावं. त्या कोडावर दुसऱ्याच कुणाच्या खात्याचं स्टिकर चिकटवायला एक मिनिट लागतं.

माल बोलतो, पण मोजल्यावर

रोकड डोळ्यांसमोर असते म्हणून तिची काळजी वाटते. दुकानातला खरा पैसा मात्र मांडणीवर असतो. मालाचा हिशेब एका ओळीचा आहे : आधीचा माल, अधिक आलेला, वजा विकलेला, बरोबर उरलेला. ही ओळ वर्षातून एकदा, मार्चअखेरीला अंदाजाने लिहायची नसते. अण्णांच्या दुकानात साधारण ६०० जातींचा माल. सगळा एकदम मोजायचा म्हणजे दोन दिवस दुकान बंद. म्हणून रोज पाचच जाती मोजायच्या ठरल्या. चार महिन्यांत आख्खं दुकान मोजून होतं. महागाचा माल, म्हणजे रंगाचे वीस लिटरचे डबे, पाण्याच्या मोटारी, तांब्याच्या वायरची बंडलं, हे दर आठवड्याला. कोणत्या पाच जाती मोजायच्या ते त्या दिवशी सकाळी अण्णा सांगतात. आधी कुणाला कळत नाही.

पहिल्याच पंधरवड्यात वायरची दोन बंडलं कमी निघाली. शोध घेतला तेव्हा कळलं, पुरवठादाराच्या चलनावर दहा लिहिलेली होती आणि टेम्पोतून आठच उतरली होती; घाईत न मोजता सही झाली होती. माल आला की तीन कागद शेजारी ठेवायचे : आपण मागणी काय दिली होती, चलनाप्रमाणे प्रत्यक्ष उतरलं काय, आणि बिल कितीचं आलं. तिन्ही जुळले तरच पैसे. जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याला आता आणखी एक साक्षीदार मिळाला आहे. पुरवठादाराने आपल्या नावावर दाखवलेली बिलं दर महिन्याला पोर्टलवरच्या '२-बी' या विवरणात दिसतात. कर सल्लागार ते करातल्या वजावटीसाठी बघतो. मालकाने ते आपल्या खरेदीच्या वहीशी ताडून बघावं. आपल्या दुकानात न उतरलेल्या मालाचं बिल आपल्या नावावर असेल, तर ते तिथे सापडतं.

उधारीचं दुखणं याहून चिवट. वसुलीला जाणाऱ्या माणसाने एका गिऱ्हाइकाचे पाच हजार घेतले आणि वापरले. आठवड्याने दुसऱ्याचे आले ते पहिल्याच्या नावावर जमा केले, तिसऱ्याचे दुसऱ्याच्या. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. वही रोज नीट दिसते आणि भोक वाढत जातं. असं करणारा माणूस सुट्टी घेत नाही, कारण एक दिवस दुसरं कुणी वसुलीला गेलं तर सगळं उघडं पडेल. त्यावर तीन साधे उपाय आहेत. छापील क्रमांकाचं पावतीपुस्तक, आणि रद्द पावतीसुद्धा पुस्तकातच जोडलेली. महिन्यातून एकदा प्रत्येक उधारीच्या गिऱ्हाइकाला 'आपल्याकडे इतकी बाकी आहे' असा निरोप, आणि तो वसुलीवाल्याने न पाठवता दुसऱ्याने पाठवायचा. आणि प्रत्येकाला वर्षातून सलग आठवडाभर सक्तीची सुट्टी, त्या काळात त्याचं काम दुसऱ्याकडे. ही सुट्टी बँका फार पूर्वीपासून देत आल्या आहेत. माणसाला विश्रांती आणि हिशेबाला तपासणी, दोन्ही एकाच वेळी.

मालकाचा हात

आता त्या ६४० रुपयांकडे वळू. चार दिवसांनी उलगडा झाला. त्या दुपारी धाकटा मुलगा शाळेतून येऊन सहलीचे पैसे मागत होता. अण्णांनी गल्ल्यातून ६०० काढून दिले, आणि चहावाला दारात उभा होता त्याला ४०. गिऱ्हाइकांची गर्दी होती. लिहायचं राहिलं ते राहिलंच. गल्ला कमी भरायला कारण ठरले ते गल्ल्याचे मालकच.

हे मी फार दुकानांत पाहिलं आहे. गल्ल्यातून सर्वांत जास्त वेळा बिननोंदीचा पैसा काढणारा हात मालकाचा असतो. पैसा त्याचाच, त्यामुळे त्यात गैर काही नाही; पण त्या हाताने सगळी मापं बिघडतात. घरातलं कुणी येऊन बल्ब घेऊन जातं, भाचा टाकीचा नळ नेतो, बँकेचा घराचा हप्ता दुकानाच्या खात्यातून जातो. वर्षअखेरीला धंदा नफ्यात आहे की घर धंद्याला खातं आहे, हे सांगणं अशक्य होतं. आणि मालक स्वतः चिठ्ठी लिहीत नाही हे नोकर रोज बघतात. पावती ही लहान माणसांनी करायची गोष्ट आहे, हा धडा ते तिथून घेतात.

उपाय साधा आहे आणि पाळायला सर्वांत अवघड. मालकाने स्वतःचा महिन्याचा पगार ठरवावा आणि तो एक तारखेला घरखर्चाच्या खात्यात टाकावा. मधे लागलं तर उचल, आणि उचलीची नोंद सगळ्यांसारखीच. घरी नेलेल्या मालाचं बिल खरेदीच्या भावाने. रोखीला शिस्त लागावी म्हणून आयकर कायदाही मदत करतो : एका दिवसात एका माणसाला १० हजार रुपयांहून जास्त खर्च रोखीने दिला, तर काही अपवाद वगळता तो धंद्याचा खर्च म्हणून धरला जात नाही. अण्णांना पटायला वेळ लागला. आज त्यांच्या चिठ्ठीवर 'मालकांची उचल' ही ओळ छापलेली आहे, आणि ती कोरी असली तरी तिथे शून्य घालावं लागतं.

माणूस घसरतो कधी

तरीही कधी चोरी होतेच. ती करणारी माणसं मुळातच वाईट असतात, हा समज अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी खोटा ठरवला. विश्वासाच्या जागेवर असून अफरातफर केलेल्या कैद्यांशी ते तुरुंगांत जाऊन बोलले आणि १९५३ साली त्यांनी आपला अभ्यास पुस्तकरूपाने मांडला. त्यातून पुढे 'अफरातफरीचा त्रिकोण' प्रसिद्ध झाला : पैशाची अडचण, संधी, आणि मनाची समजूत घालणारं कारण, जसं की 'मी उसने घेतोय, परत ठेवीन'. क्रेसींनी अडचणीबद्दल जे सांगितलं ते मला फार मोलाचं वाटतं. माणसाला घसरवते ती अशी अडचण, जी त्याला कुणाजवळ बोलून दाखवता येत नाही.

संधी कमी करणं हे रोजमेळाचं आणि मोजणीचं काम. पण उरलेल्या दोन बाजूही मालकाच्या हातात थोड्याफार असतात. ज्या दुकानात आईच्या दवाखान्यासाठी उचल मागता येते, ती वहीत लिहिली जाते आणि पगारातून हप्त्याहप्त्याने वळती होते, तिथे अडचण बोलून दाखवता येते. ज्या दुकानात पगार तारखेला होतो आणि जादा वेळेचे पैसे मिळतात, तिथे 'हे माझ्या हक्काचंच आहे' अशी मनाची समजूत घालायला जागा उरत नाही. आपुलकी आणि नियंत्रण एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं मानणाऱ्यांनी उचलीची ही वही जरूर बघावी.

आणि ऐकायची तयारी ठेवावी. अफरातफर तपासणाऱ्यांच्या जागतिक संघटनेने २०२४च्या अहवालात १३८ देशांमधली आणि प्रदेशांमधली १,९२१ प्रकरणं अभ्यासली. त्यातली ४३ टक्के प्रकरणं कुणीतरी कानावर घातल्यामुळे उघडकीला आली, आणि कानावर घालणाऱ्यांत निम्म्याहून जास्त तिथलेच कर्मचारी होते. प्रकरण उघडकीला यायला साधारण वर्ष गेलेलं होतं. म्हणजे शेजारी काम करणाऱ्याला दिसत असतं. ते सांगायला सुरक्षित जागा त्याला हवी असते.

पेटीची तीन कुलपं

हे सगळं शिकलेल्या, वही लिहिणाऱ्या माणसांसाठी झालं. पण लिहिता-वाचता न येणाऱ्यांनीही नियंत्रणाची उत्तम रीत घडवली आहे. आफ्रिकेतल्या नायजर देशात मराडी भागात १९९१ साली 'केअर' या संस्थेने बायकांचे बचतीचे गट सुरू केले. तिथे हौसा भाषेत त्यांना 'माता मासू दुबारा' म्हणतात. बँक जवळ नाही, अक्षरओळख नाही. पुढे ही रीत आफ्रिकेत दूरवर पसरली आणि तिची खूण म्हणून एक लोखंडी पेटी सर्वत्र ओळखली जाऊ लागली. पेटीला तीन कुलपं. तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे, आणि पेटी राहते चौथीच्या घरी, जिच्याकडे एकही किल्ली नसते. सभेच्या दिवशीच सगळ्यांसमोर पेटी उघडते, पैसे सगळ्यांसमोर मोजतात, आणि सभा संपताना शिल्लक किती ते सगळ्यांना ऐकवलं जातं. पुढच्या सभेत आधी विचारायचं : मागच्या वेळी किती उरले होते? बायका आकडा सांगतात, मग पेटी उघडते, आणि आकडा जुळतो.

मंजुरी, ताबा, नोंद, पडताळणी. चारही गोष्टी या पेटीत आहेत. नोंद वहीत नसून वीस-पंचवीस जणींच्या आठवणीत आहे एवढंच. आपल्याकडच्या बचतगटांतल्या बायकांना हे सांगावं लागणार नाही. सगळ्यांसमोर मोजलेल्या पैशाबद्दल भांडण होत नाही, हे त्या अनुभवाने जाणतात. आणि गडावरचे ते तिघे इथे पुन्हा भेटतात. काळ वेगळा, खंड वेगळा, पण शहाणपण एकच.

कोणतीही रीत सगळं थांबवू शकत नाही, हेही सांगायला हवं. दोघांनी संगनमत केलं तर विभागणी कोलमडते. तिन्ही किल्ल्या एकत्र झाल्या तर पेटी उघडतेच. संगणकावर हिशेब ठेवला आणि पासवर्ड सगळ्यांना सांगितला, तर तो उघड्या वहीहून वाईट. कंपन्यांना १ एप्रिल २०२३पासून अशीच संगणक प्रणाली वापरावी लागते, जिच्यात कुठली नोंद केव्हा बदलली याची खूण पुसता येत नाही. लहान दुकानाला ती सक्ती नाही, पण आपण वापरतो त्या प्रणालीत ही सोय असली तर ती चालू ठेवावी आणि प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा असावा. नियंत्रणाचा खर्च गळतीपेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही, हेही खरं. खिळ्यांची पुडी आठवड्याला मोजत बसायचं कारण नाही. आणि सुरुवात सगळीकडून एकदम करायची नाही. पहिला महिना फक्त रोजमेळ. दुसऱ्या महिन्यापासून मालाच्या पाच जाती. मग उधारीचे निरोप. रीत अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि तो दिला तरच ती टिकते.

लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. कोरं पान, त्यावर 'श्री', हळद-कुंकू, अक्षता. ज्या पूर्वजांनी वहीला देव्हाऱ्याशेजारी बसवलं त्यांना ठाऊक होतं की लक्ष्मी येते ती कष्टाने आणि राहते ती हिशेबाने. ती पूजा वर्षभर रोज रात्री पाच मिनिटं करायची, म्हणजे रोजमेळ लिहायचा.

गेल्या दिवाळीनंतर एका रात्री मी अण्णांच्या दुकानात होतो. तोच पोरगा गल्ला मोजत होता. मोजून झालं, फोड लिहिली, सही केली. अण्णांनी वहीवरून शिल्लक काढली आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवले.

"अण्णा, तीस रुपये जास्त आहेत," पोरगा म्हणाला.

"लिही. जास्त तीस."

त्याने लिहिलं. चिठ्ठी कार्बन घालून दोन प्रतींत होते. एक वहीला लागते. दुसरी प्रत त्याने घडी घालून स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवली. ती प्रत त्याने स्वतःच मागून घेतली होती, पहिल्या महिन्यापासून. मग झाडू उचलला आणि गाणं गुणगुणत दुकान झाडायला लागला.